मुठीत मावणारं पेटंट

स्मिथ अँड वेसनचं मॉडेल नंबर वन पहिल्यांदा हातात घेणारा माणूस बहुधा हसतो. वेस्टर्न सिनेमांनी रिव्हॉल्व्हरचं जे चित्र आपल्या डोळ्यांत भरवून ठेवलं आहे, त्याच्या निम्म्यानेही ही वस्तू नाही. नळीच्या तोंडापासून मुठीच्या टाचेपर्यंत सात इंचांच्या आसपास. त्यातले सव्वातीन इंच नुसत्या अष्टकोनी नळीचे. चापाभोवती कडं नाही, फ्रेमच्या पोटातून डोकावणारं एक बोंड म्हणजे चाप. सिलिंडरला सात घरं, पण एकाही घरात शाळेतली पेन्सिल जाणार नाही. मार्क ट्वेनने ‘रफिंग इट’मध्ये या बंदुकीची यथेच्छ टिंगल केली आहे आणि ती अनाठायी नाही. असल्या हत्याराने माणूस मरण्याआधी चिडण्याची शक्यता जास्त.

हसू ओसरलं की दुसरा प्रश्न येतो, ‘अजून चालते का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने ती विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चालण्यासाठी घ्यायच्या बंदुका वेगळ्या. ही वाचण्यासाठी घ्यायची. तिच्या अंगावर अक्षरं आहेत, आकडे आहेत, कारागिराने आपल्यापुरत्या मारलेल्या खुणा आहेत, दीडशे वर्षांच्या हाताळणीची झीज आहे. आणि मधल्या काळात कुणी शहाण्याने ‘जरा चकचकीत करू या’ म्हणून केलेला घोळही आहे. मूळ मजकूर कोणता आणि नंतर घुसडलेला कोणता, हे ओळखता आलं की तिची किंमत कळते. त्याच ओघात तिची रचना किती नेटकी आहे हेही कळत जातं. खोट काढायला लावलेलं भिंग आणि दाद द्यायला लावलेलं भिंग, दोन्ही एकच.

आधी तिची घडण पाहू, कारण घडण कळल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही.

१८५० च्या दशकातलं रिव्हॉल्व्हर भरणं हा एक विधीच असे. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू ओतायची, त्यावर शिशाची गोळी दाबून बसवायची, बरेच जण वरून चरबीही लावत, आणि मागच्या बाजूला प्रत्येक घरासाठी एक इवलीशी तांब्याची टोपी चढवायची. हे सगळं कोरड्या हवेत, न थरथरणाऱ्या बोटांनी. पावसात किंवा गडबडीत काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांना हे सगळं एकाच काडतुसात हवं होतं: दारू, गोळी आणि पेटवणारा मसाला, तिन्ही एका धातूच्या नळकांडीत. फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या बंदूककाराने १८४५ च्या सुमारास खोलीत बसून नेमबाजी करण्यासाठी एक चिमुकलं काडतूस केलं होतं. त्यात दारू नव्हती, नुसत्या मसाल्याच्या जोरावर गोळी उडायची. स्मिथ-वेसन जोडीने ती कल्पना पुढे नेली, नळकांडी लांबवली आणि तिच्यात दारू भरली. हेच पुढे ‘पॉइंट टू-टू शॉर्ट’ म्हणून ओळखलं गेलं. १८५७ पासून आजतागायत ते तयार होतं आहे. शोधणाऱ्यांची बंदूक संग्रहालयात गेली, काडतूस मात्र दुकानात राहिलं.

हे काडतूस रिमफायर. त्याच्या बुडाला बाहेर आलेली एक पातळ कड असते. ती आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत मसाला भरलेला असतो. घोडा त्या कडेवर आपटतो, कड चेपते, मसाला पेटतो, पुढची दारू भडकते. युक्ती सुंदर आहे, पण तिच्या पोटात एक अडचण आहे. कड चेपायची तर धातू पातळ आणि मऊ हवा. धातू पातळ आणि मऊ असेल तर जास्त दारूचा दाब त्याला सोसत नाही. या कात्रीत सापडल्यामुळे पहिलं काडतूस असं नाजूक निघालं: दारू चार ग्रेन, म्हणजे पाव ग्रॅमच्या जरा वर, शिशाची गोळी एकोणतीस ग्रेन, म्हणजे दोन ग्रॅमलाही थोडी कमीच. बंदूक लहान आहे ती कुणाच्या हौसेखातर नव्हे. काडतुसाने जेवढी परवानगी दिली तेवढीच ती झाली.

त्यातही तांब्याची ती कवचं उडताना मागच्या बाजूला फुगत आणि सिलिंडर अडकून बसे. म्हणून अगदी पहिल्या घडणीत सिलिंडरच्या मागे एक छोटी चकती बसवलेली होती. सिलिंडरबरोबर तीही फिरे, म्हणजे फुगलेलं कवच तिच्यावर घासून अडकायला नको. काडतुसं सुधारली आणि चकतीची गरज उरली नाही. पण १८५८ च्या आसपासची एखादी प्रत उघडून ती चकती जागेवर दिसली, की त्या काळच्या कारागिराची काळजी आपल्याला जशीच्या तशी दिसते. मला तरी या सबंध बंदुकीत याहून बोलका तुकडा दिसत नाही.

उघडण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. नळीखाली, फ्रेमच्या पुढच्या टोकाला एक खटका असतो. तो दाबला की नळी खाली न पडता वर उचलली जाते, कारण बिजागरी फ्रेमच्या वरच्या पट्टीच्या टोकाला आहे. मग सिलिंडर पुढे सरकवून सरळ हातात घ्यायचं. नळीच्या पोटाखाली एक बोथट दांडी कायमची बसवलेली असते; सिलिंडरचं एकेक घर त्या दांडीवर दाबलं की रिकामी कवचं मागून बाहेर पडतात. वेगळी काठी नाही, हरवणारा सुटा भाग नाही. सिलिंडरला जागेवर धरणारा अडसर खाली नसून डोक्यावर, फ्रेमच्या वरच्या पट्टीत आहे, आणि घोडा मागे जाताना त्याला उचलतो. खाली जागाच नाही म्हणून तो वर गेला. जागेच्या टंचाईतून निघालेले असे तोडगे या बंदुकीत जागोजागी भेटतात, आणि बहुतेक सगळे देखणे आहेत.

तर आता ओळख पटवण्याकडे. या मॉडेलच्या तीन आवृत्त्या आहेत. पहिली १८५७ ते १८६०, सुमारे अकरा हजार सहाशे नगांची. दुसरी १८६० ते १८६८. तिचे एक लाखाहून जास्त नग निघाले, कारण मधे अमेरिकेत यादवी युद्ध आलं आणि प्रत्येक तरुण शिपायाला खिशात काहीतरी हवं होतं. सैन्याने ही बंदूक कधी अधिकृतपणे घेतली नाही. शिपायांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपल्या पैशाने घेतली. तिसरी १८६८ ते १८८२.

पहिली आणि दुसरी लांबून बहिणी वाटतात. दोन्हींची फ्रेम पितळेची, वर चांदीचा मुलामा, नळी अष्टकोनी, मूठ चौकोनी बुडाची आणि खाली पसरट होत गेलेली. फरक फ्रेमच्या कुशीत आहे. पहिलीच्या कुशी गोलसर फुगीर, आणि आतलं यंत्र झाकणारी बाजूची चकती लहान आणि गोल. दुसरीच्या कुशी सपाट, आणि झाकण मोठं, वेड्यावाकड्या आकाराचं. पहिलीच्या घोड्याच्या माथ्यावर एक वेगळा हलणारा तुकडा बिजागरीने जोडलेला असतो, तोच त्या वरच्या अडसराला ढकलतो; पुढे घोडा एकसंध झाला. तिसरी आवृत्ती ओळखायला भिंग लागत नाही. नळी गोल आणि वर कणा, सिलिंडरवर खाचा, मूठ पक्ष्याच्या मानेसारखी वळलेली, फ्रेम पितळेऐवजी घडीव लोखंडाची. हातात तीच जास्त चांगली बसते, हे कबूल. पण मला ती जरा गुळगुळीत वाटते. दुसरीचा कोनाकोनांचा खडूसपणा तिच्यात नाही.

आता गाळात पाय घालायची जागा. अनुक्रमांक मुठीच्या बुडाशी ठोकलेला असतो आणि पहिल्या दोन आवृत्त्यांचा क्रम सलग चालतो. तिसरीने मात्र पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. त्यामुळे ‘चार हजारांतला नंबर आहे, म्हणजे अगदी सुरुवातीची’ असं सांगत विक्रेता गोल नळीची, वळलेल्या मुठीची बंदूक पुढे करतो तेव्हा त्याला तरी माहीत नसतं, किंवा आपल्याला माहीत नाही असं तो धरून चालतो. उलट सपाट कुशीच्या बंदुकीवर आठ हजारांचा आकडा दिसला, तर आकडा आणि अंग यांपैकी एक परकं आहे. आकड्याने अंग ओळखू नये, अंगाने आकडा तपासावा.

गेल्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या माझ्या एका मित्राने अशीच दुसऱ्या आवृत्तीची एक प्रत हेरली होती आणि ‘घ्यायच्या आधी तू बघ’ म्हणून मला बरोबर नेलं होतं. विक्रेत्याने ती लाकडी पेटीत, निळ्या मखमलीवर ठेवली होती. मखमलीला बंदुकीच्या आकाराचा खळगा आणि शेजारी काडतुसांची चिमुकली डबी. बघताक्षणी मोह पडावा असा थाट.

आधी परवानगी विचारली. दुसऱ्याची जुनी बंदूक न विचारता उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं कपाट उघडणं. मग नळी उचलून सिलिंडर बाहेर काढलं आणि सातही घरं रिकामी आहेत हे पाहिलं. शंभर वर्षांपूर्वीचं काडतूसही उडू शकतं, त्यामुळे ‘एवढी जुनी आहे, भरलेली कशी असेल?’ हा युक्तिवाद कामाचा नाही.

सिलिंडर हातात आल्यावर मी आधी त्याची मागची कड पाहतो, आणि ही एकच तपासणी करायला वेळ असेल तरी हीच करावी. रिमफायर बंदुकीचा घोडा काडतुसाच्या कडेवर पडतो. आत काडतूसच नसेल तर तो थेट सिलिंडरच्या धातूवर, घराच्या तोंडावर पडतो. पोरांनी खेळताना, मोठ्यांनी पाहुण्यांना दाखवताना, ‘टक् टक्’ करत कितीदा तरी. प्रत्येक आघाताने घराच्या कडेवर एक इवलासा डंख उठतो आणि आतल्या बाजूला धातू सरकतो. शेवटी त्या घरात काडतूस धड बसतही नाही. मित्राच्या प्रतीत सातांपैकी दोन घरांना असे डंख होते, बारीक. बोटाचं नख अडकेल एवढेच. म्हणजे कुणीतरी खेळलं होतं, पण वेड्यासारखं नव्हे. विक्रेता तोवर घोडा ओढून ‘बघा, अजून कशी ठणठणीत’ म्हणून दाखवायला निघाला होता. मित्राने त्याचा हात धरला. बरं केलं.

सिलिंडरच्या घेरावर एक ओळ कोरलेली असते. दुसऱ्या आवृत्तीच्या बहुतेक प्रतींत तिच्यात तीन तारखा येतात: ३ एप्रिल १८५५, ५ जुलै १८५९, १८ डिसेंबर १८६०. पुढच्या दोन कंपनीच्या स्वतःच्या सुधारणांच्या. पण पहिली तारीख दुसऱ्याच कुणाची, आणि या बंदुकीत जर कुठे नाट्य असेल तर ते या तारखेत आहे.

ती रोलिन व्हाइट नावाच्या माणसाच्या पेटंटची. सिलिंडरची घरं आरपार, पुढून मागपर्यंत भोकं पाडलेली असावीत, एवढीच त्यातली कामाची गोष्ट. आज ती इतकी उघड वाटते की पेटंट कशाचं घेतलं असा प्रश्न पडावा. व्हाइटने रेखाटलेली सबंध बंदूक तर चालण्यासारखीही नव्हती. पण मागून काडतूस भरायचं तर भोक आरपारच हवं, आणि ते भोक कायद्याने त्याच्या नावावर होतं. स्मिथ-वेसनला आपलं काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये घालायचं होतं, म्हणून १८५६ मध्ये त्यांनी त्याच्याशी करार केला: प्रत्येक बंदुकीमागे पंचवीस सेंट व्हाइटला. आणि एक अट: कुणी पेटंटवर अतिक्रमण केलं तर खटला लढायचा तो व्हाइटने. करार करणाऱ्याच्या बुद्धीला सलाम करावा की नावं ठेवावीत, मला अजून ठरवता आलेलं नाही. तिकडे रिव्हॉल्व्हरवरच्या कोल्टच्या मूळ पेटंटची वाढीव मुदत १८५७ मध्ये संपली आणि त्याच वर्षी ही चिमुकली सात-गोळी बाजारात आली. वेळ अचूक साधली होती.

मग चोऱ्या सुरू झाल्या. मॅनहॅटन, बेकन, मूर, वॉर्नर, पाँड, नाना कारखान्यांनी आरपार सिलिंडरच्या बंदुका काढल्या. व्हाइट एकामागून एक खटले लढत राहिला. एथन ॲलन या कारखानदाराविरुद्धचा तर त्याने जिंकलाही. हरलेल्या काहींना आधीच तयार झालेल्या बंदुकांवर ‘स्मिथ अँड वेसनसाठी निर्मित’ अशा अर्थाचा मजकूर ठोकावा लागला. गंमत अशी की आज नवख्या गिऱ्हाइकाला नेमका तोच शिक्का फसवतो. नाव मोठ्या अक्षरांत दिसतं आणि त्याला वाटतं, अस्सल माल मिळाला. मालकाचं नाव चोरीच्या मालावर आहे हे त्याच्या गावीही नसतं. अर्थात या नकला टाकाऊ नाहीत. काहींचे संग्राहक वेगळे आहेत. पण त्या स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या भावाने घ्याव्यात. काही कारखानदारांनी तर पेटंट चुकवण्यासाठी काडतूस पुढूनच भरायच्या चित्रविचित्र तऱ्हा काढल्या. त्या बंदुका पाहताना वकिलाच्या सल्ल्याने यंत्राची रचना कशी बदलते ते दिसतं.

तपासणीकडे परत. चांदीच्या मुलाम्याबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. दीडशे वर्षं वापरलेल्या बंदुकीच्या फ्रेमवर मुलामा उडालेला असणार, कडांवर आणि मुठीच्या मागे पितळ दिसणार, उरलेली चांदी काळवंडलेली असणार. हे सगळं चांगलं लक्षण आहे. हाताची पकड जिथे बसते तिथेच झीज असेल आणि खाचाखोचांत मुलामा टिकून असेल, तर ती झीज खरी. मित्राच्या प्रतीत नेमकं असंच होतं: अंगठा घोड्यापर्यंत जाताना जिथे टेकतो त्या जागी पितळ पिवळं धमक आणि झाकणाच्या फटीलगत चांदीची काळसर रेघ.

याउलट नव्याने चढवलेला मुलामा आधी दिपवतो आणि मग उघडा पडतो. कुठे उघडा पडतो? गंजाने खाल्लेल्या बारीक खड्ड्यांत. खड्ड्याच्या तळाशीही चकचकीत थर असेल, तर आधी गंज आणि मग मुलामा, हा क्रम कुणालाही वाचता येतो. अक्षरांच्या पोटात थर साचून ती बोथट झाली असतील, तर तेही तसंच. मुलाम्याआधी पॉलिशच्या चाकावर घासलेलं असतं, त्याची साक्ष अष्टकोनी नळी देते: कोन धारदार राहत नाहीत, साबणाच्या वडीसारखे गोल होतात, स्क्रूंच्या भोवतीचा धातू खोलगट होतो, बाजूचं झाकण, जे मुळात फ्रेममध्ये जवळजवळ न दिसेल असं बसवलेलं असतं, त्याच्या भोवती फट दिसू लागते. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत कुणी हौसेने घुसडलेल्या ओव्या एकनाथांनी वेचून काढल्या. घासलेल्या धातूच्या बाबतीत तेवढीही सोय नाही, गेलेलं परत लावता येत नाही. म्हणून मी गंज माफ करतो, पॉलिश करत नाही.

नळी आणि सिलिंडरवर मुळात निळसर काळी झाक असते. ती आज बहुतेक प्रतींत तपकिरी झालेली दिसते, आणि तशीच असावी. हातातली नळी गडद, एकसारखी काळी आणि शेजारची फ्रेम म्हातारी, असं जोडपं दिसलं की नळी अलीकडे रंगवली असं समजावं. स्क्रूंच्या खाचाही बघाव्यात. ज्या बंदुकीच्या स्क्रूची खाच फाटलेली, कडा उचकटलेल्या, ती बंदूक कधीतरी अडाणी हाताने उघडली आहे, आणि अडाणी हात आत काय करून गेला ते बाहेरून सांगता येत नाही.

मग अवयव एकमेकांचे आहेत का? कारखान्यात एकत्र बसवलेल्या भागांवर जुळणीची खूण मारलेली असते, एखादं अक्षर किंवा आकडा: नळीवर, सिलिंडरवर आणि मुठीच्या लाकडाआड फ्रेमवर. ही खूण अनुक्रमांकाहून वेगळी असते, म्हणून ‘नंबर जुळत नाहीत’ म्हणून घाबरून जाऊ नये. पाहायचं ते तिन्ही ठिकाणची खूण एकच आहे का. आणि मुठीच्या उजव्या फळीच्या आतल्या अंगावर पूर्ण अनुक्रमांक असायला हवा. विक्रेत्याने जरा कुरकुर करत मूठ उघडू दिली. रोझवूडची फळी उलटी केली तर आकडा होता, पुसट पण बुडाशी ठोकलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळणारा. नळी आणि सिलिंडरवर एकच अक्षर, फ्रेमवरही तेच. युद्धाच्या काळात हातोहात खपलेल्या मालातली एक बंदूक दीडशे वर्षं आपल्याच नळीबरोबर आणि आपल्याच लाकडाबरोबर राहिली होती. इथे मला दाद द्यावीशी वाटली, आणि मी ती दिली. विक्रेत्यासमोर देऊ नये हे मित्राने नंतर सुनावलं.

बाकीची तपासणी हातानेच होते. नळी मिटून खटका लागला की बिजागरीत हालचाल जाणवता कामा नये. या रचनेचं मर्मस्थान तेच आहे आणि ढिली बिजागरी घट्ट करणं हे घड्याळजीचं काम, लोहाराचं नव्हे. घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढत सातही घरं एकेक करून समोर आणायची आणि प्रत्येक वेळी अडसर खाचेत पडतो का ते ऐकायचं, मग अंगठा न सोडता घोडा हलकेच खाली आणायचा. मित्राच्या प्रतीत एक घर आळशी निघालं, अडसर पडायला किंचित ढकलावं लागत होतं. नळीत उजेड टाकून पाहिलं तर पीळ दिसत होते, पण मागच्या भागात गंजाची खरवड होती. काळ्या दारूची राख ओल धरून ठेवते. बार झाल्यावर गरम पाण्याने धुवायचा कंटाळा ज्याने केला, त्याच्या आळसाची नोंद नळीत राहते. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. न उडवलेल्या बंदुकीची नळी आरशासारखी असते आणि तिच्यात वाचायला काही नसतं.

ही बंदूक उडवू नये, हे मात्र ठामपणे सांगायला हवं. आजचं शॉर्ट काडतूस तिच्या घरात बसतं, हीच धोक्याची गोष्ट आहे. नाव तेच, माप तेच, पण आतली दारू बिनधुराची आणि दाब कितीतरी जास्त. पितळेची फ्रेम आणि एका खटक्यावर मिटलेली नळी त्यासाठी केलेली नाही.

कायद्याचंही थोडक्यात. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत घडलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते, त्यामुळे मॉडेल नंबर वनची प्रत्येक प्रत त्या कक्षेत येते. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते आधी वाचावेत. भारतात हिशेब निराळा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली जुन्या हत्यारांसाठीची सूट ही दुरुस्त करूनही चालू न होणाऱ्या हत्यारांपुरती आहे. सात घरं, चालता घोडा आणि बाजारात मिळणारं काडतूस, एवढं असल्यावर ही वस्तू त्यात बसत नाही. अमेरिकेतून येताना कुणी आठवण म्हणून सामानात टाकावी अशी ती नव्हेच. बघायची हौस असेल तर मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या इतिहास-संग्रहालयात या कंपनीचं स्वतंत्र दालन आहे, तिथे आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात, आणि तुलनेसाठी तेवढी चांगली जागा दुसरी नाही.

व्हाइटचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो, कारण किमतीच्या गोष्टी चालल्या आहेत. त्याच्या पेटंटची मुदत १८६९ मध्ये संपली. वाढवून मिळावी म्हणून तो अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेला, विधेयक मंजूरही झालं, आणि जानेवारी १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते नाकारलं. युद्धात या पेटंटमुळे इतर कारखान्यांचे हात बांधले गेले आणि सरकारची अडचण झाली, असं सैन्याच्या शस्त्रखात्याचं म्हणणं होतं. ज्या कंपनीने पेटंटवर लाखो डॉलर कमावले तिला काही झालं नाही. वकिलांची बिलं व्हाइटच्या वाट्याला आली. मुदत संपताच सगळ्यांना आरपार भोकाची मुभा मिळाली, आणि वेस्टर्न सिनेमांत जो दिसतो तो कोल्टचा प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर १८७३ चा. तो येण्याआधी व्हाइटची तारीख संपावी लागली.

मोलभावाची वेळ आली तेव्हा विक्रेत्याने एक गोष्ट सांगितली: ही बंदूक यादवी युद्धातल्या युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या सैन्यातल्या कुणा अधिकाऱ्याची, गेटिसबर्गच्या लढाईत होती, घरात तोंडी चालत आलेली माहिती आहे. कागद काही नव्हता. बंदुकीवर नाव कोरलेलं नव्हतं. युद्धकाळातल्या प्रत्येक खिशातल्या पिस्तुलाला अशी एक कथा असते आणि कथेचे पैसे वेगळे मागितले जातात. कंपनीच्या जुन्या नोंदींवरून पत्र मिळवता येतं, त्यात बंदूक कारखान्यातून बाहेर पडल्याची माहिती येते. ती कथा म्हणून नीरस असते, पण खरी असते. मित्राने कथेला मान डोलावली आणि पैसे मोजले नाहीत.

पेटीचा मामला बाकी होता. या मॉडेलसाठी गट्टा-पर्चाच्या, म्हणजे रबरासारख्या डिंकाच्या साच्यात घडवलेल्या पेट्या निघत, झाकणावर बंदुकीचं उठावचित्र असे, आणि खरी मिळाली तर ती पेटीच बंदुकीइतका भाव खाऊन जाते. समोरची लाकडी होती. मखमल उचलून पाहिली. खाली सरसाचा मागमूस नव्हता, आधुनिक गोंद होता, आणि बंदूक कधी त्या खळग्यात मुरलीच नव्हती: वर्षानुवर्षं ठेवलेल्या धातूची सावली कापडावर पडते, ती कुठेच नव्हती.

‘मग घेऊ का?’ मित्राने मराठीत विचारलं.

‘घे. दोन घरांचे डंख आणि एक आळशी घर दाखवून भाव खाली आण. लाखाच्या वर निघाल्या आहेत, दुर्मिळ म्हणून एक डॉलर जास्त देऊ नकोस. पण अवयव सगळे तिचे आहेत आणि कुणी चाकावर धरलेली नाही, अशा दहांत दोन सापडत नाहीत. पेटीचे पैसे देऊ नकोस.’

विक्रेत्याने पेटीशिवाय विकायला नकार दिला. मित्र कोट घालून दारापर्यंत गेला, तेव्हा त्याने पेटी बाजूला सारली आणि आकडा नव्याने लिहिला.